दुसऱ्या रिमोटची जागा

शेषरावने माझा विश्वासघात केला, पण रीतसर केला. ठराव मांडला, सूचक-अनुमोदकाची नावं लिहिली, खाली माझी सही घेतली. एकतीस वर्षं ग्रामसेवक राहिलेला माणूस दगा देतानाही कागद अपुरा ठेवत नाही. दप्तर तपासायला कोणी आला असता तर त्याला शेरा मारायला काही सापडलं नसतं.

विषय होता हातात मावेल अशा गेमच्या मशीनचा. आमची वयं पाहता विषय गुडघ्यांचा असायला हवा होता, पण तो डॉक्टरकडे चालू आहेच.

१९९६ साली शेषरावने टीव्हीला जोडायची एक गेमची पेटी बुलढाण्याहून आणली. मुलीसाठी, निवेदितेसाठी आणली, असं त्याने बायकोला, म्हणजे जयमालावहिनींना सांगितलं. निवेदिता तेव्हा पाळण्यात होती. ती मोठी होईपर्यंत पेटी बंद पडू नये म्हणून रोज संध्याकाळी आम्ही दोघं ती चालवून ठेवायचो. मी इथं धाड गावातच शाळेत मास्तर होतो. खेळ एकच, रणगाड्यांचा. पडद्यावर खाली विटांच्या आडोशात एक पक्षी बसलेला. पेटी बनवणाऱ्यांच्या मते तो गरुड, धाडच्या मते कोंबडी. वरून शत्रूचे रणगाडे येणार, आम्ही दोघांनी मिळून कोंबडी वाचवायची. पिवळा रणगाडा शेषरावचा, एक नंबर. हिरवा माझा, दोन नंबर. पेटी त्याची, टीव्ही त्याचा, तेव्हा यावर चर्चा झाली नाही.

पेटीला दोन रिमोट होते. खेळ मध्येच थांबवायचं बटण फक्त एक नंबरच्या रिमोटला. दोन नंबरच्या माणसाला कधी उठावं लागेल, असं बनवणाऱ्यांना वाटलंच नसावं. मला खोकला आला, तहान लागली, घरून निरोप आला, तरी अर्ज शेषरावकडे करायचा.

"शेषराव, थांबव बे जरा. जाऊन येतो."

"एवढे चार रणगाडे होऊ दे."

"चार होईस्तोवर नाही धरवत माह्यानं."

"मंग जाय. मेला तर मले सांगू नको."

अकरा वर्षं मी परवानगी मागून उठलो. मग एका उन्हाळ्यात लाईट कमी-जास्त झाली आणि पेटी जळाली.

यंदा शेषरावला कळलं की बुलढाण्यात समीक्षा नावाची एक मुलगी जुने खेळ चालतील अशी हातातली मशीनं ऑर्डरप्रमाणे जुळवून देते. पडदा कोणता, बटणं कोणती, बॅटरी कशी, ते गिऱ्हाइकाने सांगायचं. तिने फोनवर यादी मागितली. शेषरावला कोणी यादी मागितली की तो सभा बोलावतो.

समिती दोघांची. अध्यक्ष तो, सचिव तोच, सदस्य मी. त्याच्याकडे एक कोरं प्रोसिडिंग बुक शिल्लक होतं. कुठून, ते मी विचारलं नाही. सभा त्याच्या ओट्यावर, दुपारी चारला.

पडद्यावरच दोन सभा गेल्या.

"लांबोळका मोठा घेऊ," मी म्हणालो. "चष्मा लावाचं काम नाही."

"जुना खेळ चौकोनी टीव्हीचा हाय, मास्तर. लांब पडद्यावर ताणला त कोंबडी बदकावानी दिसते."

मतं समसमान पडली. अध्यक्षांनी आपलं जादा मत वापरलं आणि चौकोनी पडदा बहुमताने मंजूर झाला. दिशेसाठी अंगठ्याने फिरवायची दांडी की बेरजेच्या खुणेसारखं बटण, यावर मात्र दोघांचं एकमत होतं: बेरीज. आमच्या अंगठ्यांना तेवढंच येतं. बॅटरी काढता येणारी हवी, कारण फुगलेली बॅटरी आम्ही दोघांनीही मोबाईलमध्ये पाहिली आहे. बटणं मऊ की टकटक वाजणारी, हा विषय निघाला तेव्हा आतून वहिनींचा आवाज आला, "मऊ! अकरा वर्षं ऐकली मी थे टकटक." वहिनी सदस्य नव्हत्या, पण चहा आतूनच यायचा. मऊ बटणं मंजूर.

माझी मागणी एकच होती. मशीनला दुसरा रिमोट जोडायची जागा पाहिजे, आणि त्या रिमोटला स्वतःचं थांबवायचं बटण.

"बस, एवढंच?" शेषरावने विचारलं.

"एवढंच. बाकी पडदा तिकिटाएवढा घे, मले चालते."

त्याने ते माझ्यासमोर लिहिलं. ठराव क्रमांक पाच. घरी येऊन मी बायकोला, शरयूला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "बासष्टाव्या वर्षी बटण भेटलं. पेढे आणा." पण मला खरोखर बरं वाटत होतं, आणि ते लपवायला मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

शेवटच्या सभेत शेषरावने पानाच्या खाली लिहिलं: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय.' त्याखाली चार ओळी कोऱ्या सोडल्या. तेवढ्यात आतून मुगाची भजी आली.

"मास्तर, हात तेलकट व्हायच्या आधी सही करून टाक."

मी केली. आमच्याकडे सही आधी आणि मजकूर मागून, अशीच पद्धत आहे. शाळा समितीच्या बैठकांत मी स्वतः पंधरा वर्षं सदस्यांच्या सह्या अशाच घेतल्या होत्या, आणि त्या कोऱ्या ओळींत पुढे काय काय उगवतं हे मला चांगलं ठाऊक होतं. पण भजी गरम होती.

तीन आठवड्यांनी मशीन तयार झालं. शेषरावचा गुडघा सुजला होता, म्हणून आणायला मीच गेलो. समीक्षाने मशीनची डबी खोक्यातून काढून दाखवली. हातात छान बसत होती. मी ती वरून पाहिली, खालून पाहिली, कडेने बोट फिरवलं.

"दुसऱ्या रिमोटची जागा कुठं आहे, बाई?"

"ते रद्द केलं ना काका. त्या कोपऱ्यात एकच वस्तू बसते, रिमोटची पिन नाहीतर वायफाय. तुम्ही वायफाय सांगितलं."

"मी?"

"आणि बिनतारी रिमोट या बोर्डवर चालत नाही, हे बी मी सांगतलं होतं." तिने शेषरावने पाठवलेला पानाचा फोटो मोबाईलवर उघडून दाखवला. ठराव क्रमांक नऊ, ऐन वेळचा विषय. दुसऱ्या रिमोटची जागा रद्द करून तेथे वायफाय बसविण्यात यावे. सूचक, शेषराव. अनुमोदक, उद्धव मास्तर. सर्वानुमते मंजूर. खाली माझी सही. सभेत एकदाही न निघालेला विषय चार ओळींत नेमका बसला होता.

"काही चुकलं का काका?"

"नाही," मी म्हणालो. "ठराव बरोबर आहे."

धाडपर्यंत जीपमध्ये डबी मांडीवर होती. शेजारच्या माणसाने विचारलं, काय आहे. मी म्हणालो, मित्राचं आहे.

शेषराव ओट्यावर पाय लांब करून बसला होता. मी डबी त्याच्यासमोर ठेवली.

"काऊन केलं बे असं?"

"ठराव झाला ना."

"ठराव घाल चुलीत."

त्याने सुजलेला गुडघा चोळला. मग म्हणाला, "धामणगावचे व्याही."

निवेदितेचं सासर धामणगाव बढ्याचं. दोन वर्षांपूर्वी तिच्या लग्नात व्याह्यांच्या थोरल्या भावाला फेटा बांधायचा राहून गेला. तेव्हापासून व्याही शेषरावशी एसटीतल्या कंडक्टरइतकंच बोलत.

"पोरीले दोन दिवस पाठवा म्हणासाठी दहा फोन करा लागते," शेषराव म्हणाला. "निवी सांगून राह्यली होती, तिचा सासरा दुपारभर मोबाईलवर हाच रणगाडा खेळते. एकटा. वायफायनं त्याइले जोडता येते."

"आन् मी?"

"तू त येथंच हाय बे. तू कुठं जातं?"

हे खरं होतं. मी इथंच होतो. सतत इथंच असण्याचा हा तोटा मला तोवर कोणी सांगितला नव्हता.

"मले विचारलं असतं त मी हो म्हटलं असतं," मी म्हणालो.

"मंग विचारून काय फरक पडला असता?"

त्याने मोबाईलचं नेट चालू केलं, मशीन जोडलं, व्याह्यांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडून आवाज आला, "बोला." शेषरावचा आवाज एकदम नवरीच्या बापाचा झाला.

"राम राम, राम राम! झाली का तयारी? नाही नाही, पिवळा तुमचाच. एक नंबर तुम्हीच घ्या हो. मी आपला हिरवा."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. अकरा वर्षांत ज्या जागेवर चर्चासुद्धा झाली नव्हती, ती त्याने धामणगावला बिनविरोध देऊन टाकली होती.

डाव सुरू झाला. हिरवा रणगाडा कोंबडीच्या उजवीकडून निघतो. शेषराव सवयीने डावीकडे धावला आणि व्याह्यांच्या वाटेत अडकला. फोनमधून व्याही हसले. दोन वर्षांत पहिल्यांदाच हसले असावेत, कारण शेषरावचे डोळे भरून आले.

"अहो इकडं नाही, तिकडं सांभाळा!"

"हो हो, चुकलंच माह्यं." त्याने फोनवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वाकला. "मास्तर, दोन नंबरवाल्याले काय काय करा लागते बे? सांगत जाय मले, हळूच."

या विषयावर बुलढाणा जिल्ह्यात माझ्याइतका अनुभवी माणूस सापडला नसता. कोणत्या भिंतीआड उभं राहायचं, एक नंबरवाल्याच्या गोळीतून कसं सरकायचं, सगळं मला येत होतं.

उजव्या कडेने एक रणगाडा खाली उतरत होता. शेषराव अजून मधल्या गल्लीत होता. त्या बाजूच्या दोनच विटा उरल्या होत्या आणि मागे कोंबडी. चष्मा नसतानाही मला ते लख्ख दिसत होतं.

वहिनींनी चहा आणला. मी कप घेतला आणि बशीत ओतून फुंकर घालत बसलो.