वादी तुटलेलं जू

मी जू बोलतोय. बैलांच्या मानेवरचं. मला जोखडही म्हणतात, आणि म्हणताना लोक तोंड वाकडं करतात. करू देत. मलाही आता माझं फारसं कौतुक उरलेलं नाही.

माझा जन्म कार्मोना गावच्या शिवारातला. लोपे नावाच्या शेतकऱ्याने अक्रोडाचं खोड तासून मला घडवलं. त्याच्या बायकोने, मेन्सियाने, माझ्या दोन्ही खोबणींना मेंढीचं कातडं शिवलं, बैलांच्या माना सोलवटू नयेत म्हणून. वर बांधायची चामड्याची लांब वादी लोपेच्या बापाच्या हातची होती. डावीकडे बेर्मेहो, उजवीकडे गार्सो. गार्सो जरा नाजूक. तो दमला की बेर्मेहो आपण होऊन अर्धं पाऊल पुढे टाकायचा आणि सगळा भार स्वतःच्या मानेवर घ्यायचा. लोपे ते रोज पाहायचा आणि त्याच्या पाठीवर थाप मारायचा.

जमीन मात्र सरदाराची. पिकाच्या राशीजवळ त्याचा माणूस आधी हजर व्हायचा.

एका रविवारी लोपे देवळातून घाईघाईने आला. मेन्सिया अंगणात हरभरे निवडत बसली होती.

"ऐकलंस का? राजाने आपल्या निशाणावर जू घेतलंय! राणीचे बाण, राजाचं जू. दोघं जोडीने राज्य ओढणार म्हणे."

"आणि बैल?"

"निशाणावर बैल कशाला असतील?"

"मग बैल आपणच की हो," मेन्सिया म्हणाली आणि खडा उचलून फेकला.

"तुझं आपलं काहीतरीच! अगं, त्या जुवाची दोरी कापलेली दाखवलीय. पाद्रीबाबा म्हणाले, जी गाठ सुटत नाही ती राजे कापून टाकतात."

"कापा म्हणावं. नांगराला मग काय बांधतात ते बघू."

लोपे हसला. मी मात्र फुशारून गेलो होतो. राजाच्या निशाणावर माझं चित्र!

मग राजाराणीने ग्रानादा शहरावर स्वारी केली. गावोगावचे बैल तोफा ओढायला नेले, त्यात आम्हीही होतो. त्या तोफांनी कुणाची घरं पाडली ते मला दिसत नव्हतं. मला फक्त समोरचा चढ दिसायचा. शहर पडलं, बुरुजावर निशाण चढलं आणि माझा ताठा आणखी वाढला.

त्याच राजाराणीची जहाजं समुद्रापार गेली आणि नव्या बेटांची बातमी घेऊन आली. तिकडे शेती करायला माणसं हवी होती. बैल घेऊन येईल त्याला तिथे स्वतःची जमीन मिळणार होती. लोपेला झोप लागेना. मेन्सियाने माझ्या खोबणींना नवं कातडं शिवलं.

"जमीन मिळाली की निरोप धाडा. मी चालत येईन."

"मध्ये समुद्र आहे, वेडे."

"मग पोहत येईन. आधी निरोप तर धाडा!"

आम्ही जहाजात चढलो. गार्सो वाटेत जहाजावरच मेला. बेर्मेहो बेटापर्यंत पोचला, पण तिथलं गवत त्याला सोसलं नाही. लोपे बराच वेळ त्याच्या शिंगावर हात ठेवून बसून होता.

वस्तीचा मुकादम होता ऑर्दोन्यो. देवळासाठी जंगलातून ओंडके आणायचे होते.

"बैल मेले म्हणून काय झालं? माणसं आहेत की," तो लोपेला म्हणाला आणि त्याने बेटावरच्या मूळ लोकांतले दोघं पुढे ढकलले. एक बाप्या, एक बाई. "बांध वादी. ओंडके देवळापर्यंत पोचले की नदीकाठची जमीन तुझी. नाहीतर परत जा रिकाम्या हाताने."

लोपेने खाली मान घातली आणि वादी बांधली. मी खोटं सांगणार नाही, त्यानेच बांधली.

बैलाच्या मानेला मी सरावलो होतो. माणसाची मान बारीक असते, आणि तिच्यातली नाडी लाकडालाही जाणवते. मेन्सियाने शिवलेलं कातडं घामाने भिजलं. चढ लागला तशी बाई अडखळू लागली. तेव्हा तो बाप्या अर्धं पाऊल पुढे सरकला आणि सगळा भार त्याने आपल्या मानेवर घेतला.

लोपे जागच्या जागी थांबला.

बाई गुडघ्यावर पडली. "अनाबी!" बाप्याने हाक मारली. लोपेला त्यांची भाषा येत नव्हती, पण ती हाक त्याला कळली. बायकोला मारलेली हाक कुणालाही कळते. लोपेने कमरेची सुरी काढली आणि बापाच्या हातची वादी एका झटक्यात कापली.

"अरे गाढवा!" ऑर्दोन्यो ओरडला. "जमिनीवर पाणी सोडलंस!"

"सोडलं," लोपे म्हणाला. "निशाणावर बघा मुकादम, तिथंही कापलेलीच आहे."

ते दोघं रानात पळाले. लोपेला बेड्या घालून जहाजावर चढवलं. तो घरी पोचला की नाही, मला माहीत नाही. पोचला असेल तर मेन्सियाने आधी टोमणा मारला असेल आणि मग त्याच्या गळ्यात पडून रडली असेल. मी तसंच धरून चालतो.

देऊळ पुरं झालं. कुणाच्या मानांवर, ते मी पाहिलं नाही, पण ओंडके आपल्या पायांनी चालत येत नाहीत. दारावर दगडात राजाराणीचं चिन्ह कोरलं आहे, बाण आणि जू. येणारा जाणारा वर बघून छातीवर क्रूस काढतो. मी त्याच भिंतीच्या पायथ्याशी पडलो आहे. पूर्वी त्या चित्राचा मला गर्व होता. आता ते डोक्यावर नसतं तर बरं, असं वाटतं.

मधूनच ऑर्दोन्योची माणसं मला पायाने उलटं करून पाहतात. "लाकूड अजून धड आहे. वादी मिळाली की कामाला येईल," असं बोलतात.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. मी सापडलो तर मला चुलीत घाला. अक्रोडाचं लाकूड चांगलं जळतं, एखाद्या घरची भाकरी भाजून होईल. वादी तेवढी बांधू नका.