सही बघून उतरलेला माणूस

व्हर्ना स्टुकेलच्या टेबलावर दर सोमवारी अर्जांची चळत येऊन पडे. पाणी आणि सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रांवर यंत्रं चालवणाऱ्या चालकांना परवाना टिकवायचा तर दर दोन वर्षांनी ठराविक तासांचं शिक्षण घ्यावं लागे. कोणता वर्ग त्यात धरायचा, हे राज्याच्या कचेरीत व्हर्ना ठरवी. ठरवी कसलं! संस्थेचं नाव पाहायचं, तासांचा आकडा पाहायचा, सही ठोकायची. तीच सही मग वर्गाच्या प्रमाणपत्रावर छापली जाई. "सगळं वाचत बसले तर निवृत्तीपर्यंत पुरेल," असं ती हसत म्हणे. अकरा वर्षं असंच चाललं होतं.

त्या सोमवारी सकाळी ड्वेन क्राटोचविल कचेरीत शिरला. पायात चिखलाचे बूट, हातात लांबलचक पाइप पाना. त्याने खिडकीची काच फोडली. दुसऱ्या घावाला संगणक फुटला. तिसरा व्हर्नाच्या कानाजवळून गेला आणि कपाटात रुतला. काचेच्या तुकड्याने तिचा गाल कापला.

"ही सही तुझीच ना?" त्याने चुरगळलेलं प्रमाणपत्र तिच्या तोंडावर फेकलं. "'बंदिस्त जागेतली सुरक्षा, सहा तास'! माझा भाऊ कोय गुरुवारी गटाराच्या पंपखड्ड्यात उतरला. चौदा फूट! विषारी वायूने जागच्या जागी कोसळला. त्याला ओढायला जोडीदार उतरला, तोही त्याच्यावरच पडला. गळ टाकून दोघांची प्रेतं वर काढली ती मी! कोयने स्वतःची जीभ चावून तोडली होती. कळलं?"

आवाज ऐकून धावत आलेल्या कचेरीच्या रखवालदाराने मागून सोटा हाणला. ड्वेनच्या डोक्यातून रक्त उसळलं. तो गुडघ्यांवर आला, तरी रखवालदाराचा हात थांबेना.

"पुरे! मरेल तो!" व्हर्ना मध्ये पडली. एक तडाखा तिच्या मनगटावर बसला. तिने ड्वेनला विचारलं, "त्या सहा तासांत शिकवलं काय?"

"कोयच सांगायचा, नुसते पंप विकले," तो रक्त थुंकत म्हणाला. "कोंबडीचं जेवण घातलं. सह्या जेवणाआधीच घेतल्या."

पोलिसांनी त्याला नेलं. दवाखान्यात व्हर्नाला टाके पडत असताना तिच्या जुन्या ओळखीचे ऑर्व्हल टीग शेजारी बसून होते. चाळीस वर्षं सांडपाणी केंद्रावर घालवलेले हे म्हातारे गृहस्थ आता नव्या चालकांना शिकवीत.

"मी का कोयला खड्ड्यात ढकललं?" ती उसळून म्हणाली.

"नाही. पण तुझी सही बघून तो उतरला. ज्याला येत नाही तो घाबरतो, व्हर्ना. घाबरलेला माणूस आधी वायू मोजतो. कोयला वाटलं, आपल्याला येतं. ते वाटणं त्याला तू दिलंस!"

व्हर्नाने मान फिरवली. तिला रडू आवरेना.

पुढच्याच आठवड्यात, मनगटाला पट्टी बांधून, कोयने केला होता त्याच संस्थेच्या वर्गात ती जाऊन बसली. पडद्यावर पंपांची जाहिरात चालली होती. तिने शिकवणाऱ्या बॅरेट लूमिसला विचारलं, "खड्ड्यात उतरण्याआधी वायू कसा मोजायचा, दाखवता?"

"बाई, जेवण गार होतंय," तो हसला.

"मंजुरी रद्द! आत्ताच्या आत्ता!"

लूमिसने तिला भिंतीवर आदळलं. तिचा ओठ फुटला; रक्त तिने हाताने पुसलं. समोरच्या चालकांनी त्याला धरून बाहेर काढलं, आणि व्हर्नाने मंजुरी रद्द केल्याचा हुकूम रक्ताळल्या हातानेच लिहिला.

मग तिने अकरा वर्षांच्या मंजुऱ्या पुन्हा उघडल्या. अर्ध्याअधिक रद्द केल्या. वरिष्ठ संतापले, संस्थांनी वकील आणले, ती हटली नाही. ड्वेनच्या खटल्यात तिने साक्ष दिली, "हल्ला त्याने केला, चूक माझीही होती." त्याची शिक्षा निम्म्यावर आली. दोन माणसं मात्र परत आली नाहीत.

वसंतात ऑर्व्हलनी एका खऱ्या पंपखड्ड्याशी वर्ग घेतला. एका तरुण चालक बाईने दोरीने वायुमापक खाली सोडला. आत विषारी वायू लागताच तो किंचाळू लागला. बाईने पाऊल मागे घेतलं. कोणी उतरलं नाही.

मित्रहो, आपणही रोज कुठे ना कुठे न वाचता सही करतो. ज्या कागदावर विसंबून कोणी आपला जीव धोक्यात घालणार आहे, तो वाचायला आपल्याला वेळ नसेल, तर सही करायचा हक्कही आपल्याला नाही!