रुखमाबाईचं बिनपगारी दुकान

चिखलीच्या अलीकडे, रस्त्याला लागून जो वृद्धाश्रम आहे, त्याच्या व्हरांड्यात एक इवलंसं दुकान आहे. साबण, खोबरेल तेल, बिस्किटं, उदबत्ती. म्हाताऱ्या माणसांना एवढ्यातेवढ्या वस्तूसाठी कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागू नये म्हणून काढलेलं. पण तिथं बसायचं कोणी? पगार तर नव्हता. रुखमाबाई म्हणाल्या, मी बसते. घरात त्यांना हुकूम सोडायला जागाच उरली नव्हती. स्वयंपाकघर सुनेच्या, काजलच्या ताब्यात आणि टीव्हीचा रिमोट नातवाच्या. इथं मात्र गल्ल्यामागे त्या राणी. आश्रमातल्या जमीलाबी म्हणजे उभ्या आयुष्यात कुणाचं न ऐकलेली बाई, पण त्यासुद्धा रुखमाबाई देतील तोच साबण मुकाट्यानं नेत.

भानगड झाली ती चिखलीत, त्यांच्या घराच्या गल्लीत. रोज सकाळी पिशवी नि डबा घेऊन रुखमाबाई काळी-पिवळी जीपमधून आश्रमाच्या फाटकापाशी उतरतात, हे साऱ्या गल्लीला कळलं. संध्याकाळी त्या परत येतात, हे पाहायला कुणाला वेळ नव्हता. आणि पगाराशिवाय कोणी दुकान सांभाळतं, यावर विश्वास तरी कोण ठेवणार? सुनेनं सासूला आश्रमात टाकलं, असा निकाल लागून गेला. काजल दळण घेऊन गेली की चक्कीवरच्या बायका एकदम गप्प होत.

यात रुखमाबाईंचा काहीच हात नव्हता असं म्हणवत नाही. इतकी वर्षं दारोदार सुनेची गाऱ्हाणी त्यांनीच सांगितली होती. तेव्हा कुणी कान दिला नाही. आता सारे कान टवकारून बसले, तर यांना सुनेची बाजू घ्यायची पाळी आली. "पोट्टी लय गुणाची आहे व," त्या सांगत, "तळहाताच्या फोडावानी जपते मले." बायका एकमेकींकडे पाहत. रुखमाबाई आणि सुनेची तारीफ?

"बिचारी भेवानं बोलून राह्यली," असं ठरलं. जितकी तारीफ, तितका संशय वाढला.

बातमी मेहकरला पोचली आणि थोरले भाऊ महादेवराव थेट दुकानासमोर येऊन उभे राहिले. हातात रिकामी बॅग.

"चाल रुखमे. भाऊ जिता असताना तू इथं राहाशीन काय? भर सामान."

"दादा, हे सामान दुकानाचं आहे. मी तं संध्याकाळी घरी जाते."

"मले नको शिकवू. सारी चिखली सांगून राह्यली."

"काजल लय चांगली आहे, दादा."

महादेवरावांचे डोळे भरून आले. "पाह्य, किती भेली तू. दिवाळीत तिच्या चकल्यांले तासभर नावं ठेवत होती."

थोरल्या भावाचा शब्द रुखमाबाईंनी आजवर मोडला नव्हता. पण मेहकरला गेलं की दुकान गेलं, आणि मग भावजयीच्या घरात पाहुणी म्हणून नुसतं बसून राहायचं.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटी थांबली आणि तोंडाला ओढणी गुंडाळलेली काजल तरातरा आत आली.

"आत्याबाई, बीपीची गोळी कोण खाईन, मी? समोर ठेवली तरी दिसत नाही तुम्हाले."

रुखमाबाई तारीफ विसरल्या. "दिसन अशा जागी ठेवशीन तं दिसन. अन् भाजीत मीठ टाकाले काय शेजारीण येईन?"

"बीपी आहे म्हणून कमी टाकते."

"कमी? मिठाची ओळखबी नाही त्या भाजीले."

"मंग रात्री दोन वाट्या काऊन खाल्ल्या?"

"फेकून देऊ काय?"

"अन् साबण बिस्किटापाशी कोणं ठेवले? वास लागन ना." काजलनं साबण उचलले, रुखमाबाईंनी ते हिसकावले, आणि भांडता भांडता दोघींनी मिळून सगळी फळी लावून काढली. मग कुठं काजलचं मामेसासऱ्यांकडे लक्ष गेलं आणि ती घाईघाईनं त्यांच्या पाया पडली.

महादेवरावांनी डोळे पुसले. रात्रीच्या भाजीवरून सकाळी भांडणाऱ्या बायका एकाच घरात राहतात, हे कळायला फार अक्कल लागत नाही. "मी गल्लीत सांगूनच जातो," ते म्हणाले, "का रुखमी जशी होती तशीच आहे." आणि रिकामी बॅग काखेत मारून चहाची वाट पाहत बसले.

भांडण ऐकायला सारा आश्रम व्हरांड्यात जमला होता. ते संपलं तरी कुणी उठेना.

"माहा पोरगा अन् सून फोनवर लय गोड बोलतेत," जमीलाबी हळूच म्हणाल्या. "मले भांडाले कोणीच नाही."

रुखमाबाईंना एकदम गलबलून आलं. काजलनं मात्र कमरेला ओढणी खोचली.

"तुम्ही अर्धं जेवण टाकून देता म्हणे, जमीलाबी. आत्याबाई रोज सांगतेत. हे चालणार नाही."

"तू कोण व मले सांगणारी?" जमीलाबींचा आवाज चढला, आणि त्यांनी आपली खुर्ची ओढून काजलच्या समोर आणली.