डाव्या हातातला कप

भाचीने पुस्तक पुढ्यात आणून ठेवलं तेव्हा मावशी भाजी निवडत होती. भाची सिनेमाचा अभ्यासक्रम शिकत होती, आणि मावशीने तीस वर्षं सिनेमात कंटिन्युइटी सांभाळली होती. आधीच्या शॉटमध्ये नटाच्या शर्टाची किती बटणं लावलेली होती, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते, हे सगळं वहीत टिपायचं आणि पुढच्या शॉटला तसंच्या तसं जुळवून घ्यायचं, हे तिचं काम.

“मावशी, तुझ्या सिनेमावर अख्खं प्रकरण आहे! आमच्या सरांनी लिहिलंय.”

मावशीने हात पुसले, चष्मा लावला आणि वाचता वाचता तिच्या कपाळावर आठ्या चढल्या. नायिका निरोपाचं पत्र वाचते, त्या सीनमध्ये तिच्या उजव्या हातातला कप पुढच्याच शॉटमध्ये डाव्या हातात दिसतो. सरांच्या मते हा ‘हेतुपुरस्सर सातत्यभंग’ होता. आपण सिनेमा बघतोय याचं भान दिग्दर्शकाने प्रेक्षकाला दिलं होतं आणि मेलोड्रामाच्या साच्याला आतून तडा दिला होता.

“कसला डोंबलाचा तडा!” मावशी कडाडली. “चूक आहे ती. माझी चूक!”

त्या सीनच्या शूटिंगला दोन शॉटच्या मध्ये जेवणाची सुट्टी झाली होती आणि घाईत कपाची नोंद करायची राहून गेली. घोळ लक्षात आला तो एडिटिंगच्या टेबलावर. दिग्दर्शकसाहेबांनी सेटवर येऊन सगळ्या युनिटसमोर तिला विचारलं होतं, “डोळे काय घरी ठेवून येतेस?” आणि त्याच दिवशी तिला काढून टाकलं. पुढची दोन वर्षं तिला कुणी दारात उभं केलं नाही.

तिने तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला. साहेब आता थकले होते, पण आवाज तोच.

“अगं, मुलं इतकं सुंदर बोलतात त्यावर. मी कशाला मोडता घालू?”

“म्हणजे मुद्दाम केलं म्हणून सांगता तुम्ही?”

“सांगत नाही. फक्त नाही म्हणत नाही.”

मावशीने फोन आपटला. दुसऱ्या दिवशी जुनी वही पिशवीत घालून ती भाचीच्या वर्गात हजर झाली. सरांनी अदबीने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, आणि गोड हसले.

“ताई, सिद्धांत असा की करणाऱ्याच्या मनात काय होतं याला महत्त्व नसतं. पडद्यावर जे दिसतं, तेच खरं.”

“मग साहेबांच्या मनात काय होतं यावर चार पानं का खरडलीत?”

वर्ग खो खो हसला. सरांनी पाण्याची बाटली उघडली. भाचीने मान खाली घातली, पण खांदे हलत होते.

“तुम्ही अर्थ काढा हो, हवे तेवढे काढा,” मावशी म्हणाली. “पण ज्या कपापायी मला घालवलं, त्याच कपावर साहेबांनी हार घालून घ्यायचे? चूक माझी म्हणून लिहा. एवढंच मागतेय.”

बाई आपली शाबासकी नाही, आपली चूक मागायला आलीय, हे सरांना उमगायला जरा वेळ लागला. उमगलं तेव्हा ते ओशाळले आणि नव्या आवृत्तीत तळटीप घालायचं त्यांनी कबूल केलं.

आठ महिन्यांनी आवृत्ती आली. प्रकरण जसंच्या तसं होतं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘युनिटमधील एका ज्येष्ठ महिलेच्या मते ही अनवधानाने झालेली चूक असावी.’

“आलं की गं शेवटी!” भाची म्हणाली.

मावशीने ती ओळ दोनदा वाचली, कपाळावर हात मारला आणि सरांना फोन लावला.

“‘मते’ काढा,” ती म्हणाली. “आणि ते ‘असावी’सुद्धा. कप मी विसरले होते, तुम्ही नाही.”

तिसऱ्या आवृत्तीत बघतो, असं सर म्हणाले. ती कधी निघणार, हे विचारल्याशिवाय मावशीने फोन ठेवला नाही.