म्युच्युअल फंडाची चिमणी

काशीराम घाडीला माणसाच्या तोंडापेक्षा चिमणीचा धूर जास्त कळायचा. काळाकुट्ट धूर निघाला, म्हणजे फायरमनने कोळसा लोटलाय आणि हवा द्यायला विसरलाय. पांढराफटक निघाला, म्हणजे हवा जास्त झाली, पैसा आभाळात चाललाय. आणि दिसेल न दिसेल असा राखेरी पातळ धूर असला, की समजावं खाली जाणता माणूस उभा आहे. भांडुपच्या रंगाच्या कंपनीत गेली सव्वापाच वर्षं बॉयलरपाशी उभा असलेला हा जाणता माणूस काशीराम होता. त्याआधी चोवीस वर्षं तो लालबागच्या एका गिरणीत होता, ती संपात बंद पडेपर्यंत.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चअखेर तो रिटायर व्हायचा होता. गिरणीच्या काळातला पी.एफ. धरून हातात बासष्ट हजार येणार होते. एवढी रक्कम घाड्यांच्या सात पिढ्यांत कुणी एकदम पाहिली नव्हती. महिनाभर आधी पर्सोनेल खात्याच्या साहेबांनी त्याला बोलावलं आणि पुढ्यात एक गुलाबी फॉर्म सरकवला. कंपनीतच ठेव ठेवायची. बाहेरच्यांना चौदा टक्के, घरच्या माणसांना साडेचौदा.

"एकतीस तारखेच्या आत भरून दे, काशीराम. महिन्याला साडेसातशेच्या आसपास घरबसल्या येतील."

काशीरामला विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. कंपनीचा बॉयलर तो स्वतः पेटवत होता. वर्षभरापूर्वी त्याच्याच शब्दावर त्याचा मुलगा नंदू पॅकिंग खात्यात लागला होता. स्वतःच्या डोळ्यांसमोरची कंपनी सोडून पैसे आणखी कुठं ठेवायचे? तो फॉर्म घेऊन टेंभीपाड्याच्या चाळीत घरी आला आणि बायकोला म्हणाला, "जमला गो सगळा."

मालनने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "सही करण्याआधी खालच्या शरच्चंद्राक तरी विचारा. विचारलंत म्हणून पैसे पडनत नाय."

शरच्चंद्र तळमजल्यावर राहायचा. बँकेत क्लार्क, आणि रविवारी लोकांचे बचतीचे फॉर्म भरून देण्याची एजन्सी. त्याच्या रेक्झिनच्या पिशवीत निळे, पिवळे, हिरवे, नाना रंगांचे फॉर्म असत, आणि बोलायला लागला की गाडीला ब्रेक नसे. त्या रविवारी त्याने काशीरामच्या खाटेवर दुकानच मांडलं. हे टेलिफोनचे बाँड, म्हणजे आपण सरकारी कंपनीला कर्ज द्यायचं, तिने ठरलेलं व्याज द्यायचं आणि मुदत संपली की मुद्दल परत. ह्या पोस्टाच्या योजना. आणि हा म्युच्युअल फंड.

"हेची चिमणी खंय आसा?" काशीरामने विचारलं.

"कुणाची?"

"ह्या फंडाची. कारखाना कुठं आहे? मी जाऊन बघतो."

शरच्चंद्र खो खो हसला. "काका, फंडाला कारखाना नसतो. तुमच्या-आमच्यासारख्या लाखो लोकांचे पैसे गोळा करतात आणि दीडशे कंपन्यांचे शेअर, डिबेंचर घेतात. त्यातून जे येईल ते सगळ्यांना वाटतात."

"म्हणजे दीडशे चिमण्या?"

"तसंच समजा."

"आणि दीडशे फायरमन. सगळे वेगवेगळे?"

"हो ना काका, सगळे वेगवेगळे."

काशीरामच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. न बघता एखादी गोष्ट पास करणं त्याच्या रक्तातच नव्हतं. त्याने फंडाची यादी मागितली. दोन दिवसांनी शरच्चंद्राने इंग्रजी अहवालाचं पुस्तक आणलं आणि त्यातल्या उपनगरांतल्या तेवढ्या एकवीस कंपन्यांची नावं मराठीत एका वहीच्या पानावर उतरवून दिली. "बाकीचं तुम्हाला जमायचं नाही," म्हणाला.

हक्काची रजा शिल्लक होती. काशीराम रोज सकाळी पेज जेवून, डोक्यावर टोपी ठेवून बाहेर पडू लागला. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतचा आग्रा रोड त्याने पायाखाली घातला. गेटसमोर उभं राहायचं, धूर बघायचा, सायकल स्टँडवर सायकली किती हे बघायचं. मग समोरच्या चहावाल्याकडे कटिंग घ्यायचा आणि सहज म्हणून विचारायचं, गेल्या महिन्याचा पगार वेळेवर झाला का. चहावाल्याला हे कंपनीच्या मालकाआधी कळतं, हा त्याचा अनुभव होता. एका ठिकाणी वॉचमनला तो युनियनचा माणूस वाटला. दुसऱ्या ठिकाणी, मुलुंडच्या औषधांच्या कंपनीत, चिमणीतून काहीच निघत नव्हतं. काशीराम चरकला. पण गेटमधून कामगार तर हसत-खेळत बाहेर येत होते. तासभर उभं राहून त्याने शेवटी एका फिटरला गाठलं. तेलावर चालणारा नवा बॉयलर आला होता, धूर जवळपास नाहीच. काशीराम इतका हरखला, की त्याने त्या फिटरला स्वतःच्या पैशाने चहा पाजला आणि बर्नरबद्दल अर्धा तास पिडलं.

अंधेरीची एक कंपनी त्याला ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर सापडली. तिथं चिमणी नव्हती, मशीन नव्हतं, नुसत्या टेबलांमागे टाय लावलेली पोरं. "काय बनवता तुम्ही?" त्याने विचारलं. "बनवत नाही, मशिनं दुसऱ्यांना भाड्याने देतो," एकजण म्हणाला. काशीराम टोपी काढून डोकं खाजवत जिना उतरला. जग आपल्या नकळत कुठच्या कुठं गेलंय, असं त्याला वाटलं, आणि वाईट वाटण्याऐवजी त्याला त्याची गंमतच वाटली.

टेलिफोनच्या बाँडची तपासणी सोपी निघाली. शेजारच्या वनमालाबाईंनी एकोणऐंशी साली फोनसाठी नाव नोंदवलं होतं आणि अजून नंबर लागला नव्हता. त्या रोज टेलिफोनवाल्यांच्या नावाने खडे फोडायच्या. काशीराम मात्र ऐकून खूश झाला. नऊ वर्षं गिऱ्हाईक पैसे भरून रांगेत उभं आहे, असा धंदा बुडायचा कसा?

"तुमका खुळ लागला," मालन म्हणायची, पण रात्री जेवताना आज काय बघितलंत हे तीच आधी विचारायची.

पंधरा दिवसांनी काशीरामने वही शरच्चंद्रापुढे ठेवली. एकवीसपैकी सतरा पास. तीन संशयास्पद. विक्रोळीकडची एक तर उघड उघड नापास, तिथं गेटवर गवत उगवलं होतं.

"चार फुकट गेलेत, तरी तुझा हा फंड दरवर्षी पैसे वाटतो? कसा काय? माका समजत नाय. सगळी यादी वाच बघू."

शरच्चंद्राने पुस्तक उघडलं आणि एकसुरी आवाजात नावं वाचायला सुरुवात केली. सिमेंट, साखर, रसायनं. काशीराम डोळे मिटून ऐकत होता. मग कापडगिरण्या आल्या, आणि चौथ्या का पाचव्या नावाला त्याने खाडकन डोळे उघडले.

"परत वाच."

शरच्चंद्राने परत वाचलं. ती त्याचीच गिरणी होती.

मालन मोरीत भांडी घासत होती, तिचे हात तसेच थांबले. त्या गिरणीत काशीराम बॉयलरवर होता, मालन सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात, आणि काशीरामचा धाकटा भाऊ साच्यावर, म्हणजे मागावर. घरातली तीन माणसं एकाच भोंग्यावर उठायची. भोंगा बंद झाला त्या महिन्यात तिन्ही पगार एकदम बंद झाले. भाऊ गावी गेला तो कायमचा. मालनच्या बांगड्या गेल्या. दोघांची ग्रॅच्युइटी अजून कोर्टात होती. त्या वर्षभरात काय खाल्लं आणि काय नाही, हे ती दोघं एकमेकांशीसुद्धा बोलत नसत.

"किती?" काशीराम पुढे झुकला. "किती पैसे घातले होते ह्यांनी आमच्या गिरणीत?"

शरच्चंद्राने बोट ओळीवरून सरकवलं, मनात काहीतरी भागाकार केला. "तसे बरेच आहेत. पण एकूण फंडाच्या मानाने बघितलं तर... तुमच्या शंभर रुपयांतले बारा पैसे. ते गेले, काका. बाकीच्यांनी भरून काढले."

"बारा पैसे."

"हो."

काशीरामने पुस्तक स्वतःकडे ओढून त्या ओळीवर बोट ठेवलं. त्याला राग आला होता, आणि नेमका कुणाचा ते कळत नव्हतं. एवढी मोठी गिरणी बुडाली, लालबागचे अर्धे संसार घेऊन बुडाली, आणि या पुस्तकात तिची किंमत बारा पैसे! मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की पुस्तकाने काही चूक केली नव्हती. पुस्तकाने तिथं बाराच पैसे ठेवले होते. शंभरच्या शंभर ठेवणारा तो स्वतः होता. स्वतःला, बायकोला, भावाला, सगळ्यांना त्याने एकाच चिमणीखाली उभं केलं होतं, आणि तेही चिमणी चांगली ओळखीची आहे म्हणून.

नंदू सेकंड शिफ्टहून येऊन दारात चपला काढत होता. त्याच्या खाकी शर्टाच्या खिशावर रंगाच्या कंपनीचं नाव लाल दोऱ्याने भरलेलं होतं. काशीरामने त्या नावाकडे पाहिलं आणि वही मिटली.

"शरच्चंद्रा," तो म्हणाला, "उद्या तुझे ते सगळ्या रंगांचे फॉर्म घेऊन ये. थोडे बाँडात, थोडे पोस्टात, थोडे ह्या दीडशे चिमण्यांत. व्याज कमी मिळालं तरी चालेल."

तीस तारखेला तो पर्सोनेलमध्ये गेला आणि गुलाबी फॉर्म कोराच टेबलावर ठेवला. साहेबांना जरा लागलं. साडेचौदा टक्के इतर कुठं मिळणार नव्हते, आणि आजवर रिटायर झालेल्या एकानेही त्यांना फॉर्म परत केला नव्हता.

"काय रे काशीराम? कंपनीवर विश्वास नाही?"

"आहे की साहेब. म्हणून तर पोरगा ठेवलाय तुमच्याकडं." काशीराम शांतपणे म्हणाला. "आता पैसे तरी दुसरीकडं असू देत. आमच्या चाळीत एकजण रविवारी सगळे फॉर्म भरून देतो."

साहेबांनी फॉर्म उचलला, ड्रॉवरमध्ये ठेवायला गेले आणि हातातच धरून बसले. ते स्वतः बावीस वर्षं याच कंपनीत होते. त्यांची बचत कंपनीच्या ठेवीत होती, मेहुणा अकाउंट्समध्ये होता आणि राहती जागाही कंपनीचीच होती. काशीराम दारापर्यंत पोचला तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"तुझा तो फॉर्मवाला," ते आवाज खाली आणत म्हणाले, "रविवारी किती वाजता असतो घरी?"