दुपारच्या बागेतली बाई

मस्कतच्या बौशर भागातल्या त्या खाजगी संग्रहालयात लोक येत ते खंजीर बघायला. चांदीच्या मुठीचे खंजीर, कॉफीच्या जुन्या सुरया, होड्यांचे नमुने. मागच्या खोलीतल्या फ्रेंच चित्राकडे कुणी फिरकत नसे. शंभरेक वर्षांपूर्वीची कुठलीशी बाग, भर दुपारची. जवळ गेलं की नुसते हिरवे-जांभळे फटकारे. संग्रहालयाच्या मालकांना सगळे अर्बाब म्हणत. अर्बाबांनी ते चित्र पॅरिसच्या लिलावात घेतलं, कारण मस्कतचा दुसरा एक व्यापारी त्यासाठी हटून बसला होता. तो हरला आणि चित्र अर्बाबांच्या गळ्यात पडलं. त्यात विकणाऱ्यांनी बजावलं होतं की याला कायम गारवा लागतो. म्हणून त्या खोलीत दोन मोठे एसी अखंड चालत.

शरीफ या संग्रहालयाची देखरेख करी. शहाण्णव साली त्याची बायको सफिया दापोलीहून मस्कतला आली. दोघांची खोली गच्चीवर होती. तिथल्या एसीतून वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त यायचा. जूनमध्ये भिंतीला हात लावला की चटका बसे. सफियाने काही दिवस सोसलं आणि मग एका दुपारी, संग्रहालय बंद असताना, लसणाची टोपली घेऊन ती खाली चित्राच्या खोलीत जाऊन बसली.

"अर्बाबांनी बघितलं तर?" शरीफ म्हणाला.

"ते स्वतः कधी आलेत का बघायला?"

 सफिया रोज जाऊ लागली. बाकावर बसून लसूण सोलायचा, तांदूळ निवडायचे, काम नसेल तेव्हा नुसतं समोर बघायचं. समोर बागच होती, म्हणून ती बाग बघत राहिली.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका दुपारी दार उघडलं आणि अर्बाब आत आले. बरोबर एक गोऱ्या, उंच बाई होत्या. फ्रान्समधल्या एका संग्रहालयाने त्यांना पाठवलं होतं. याच चित्रकाराचं, याच बागेचं सकाळचं चित्र त्यांच्याकडे होतं आणि जोडी पुरी व्हावी म्हणून त्यांना दुपारही हवी होती. अर्बाब विकून टाकायच्या बेतात होते. मागोमाग शरीफ धावत आला. बाकावर बायकोला बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"या कोण?" अर्बाबांनी विचारलं.

"या... या चित्राचा अभ्यास करतात," शरीफच्या तोंडून निघून गेलं. "रोज येतात."

सफियाने पायाने टोपली बाकाखाली सरकवली. फ्रेंच बाईंना फार आनंद झाला. त्यांनी इंग्रजीत विचारलं, यांना चित्रात काय दिसतं? शरीफने बायकोकडे केविलवाणं बघितलं. सफिया हिंदीत बोलू लागली.

"त्या कोपऱ्यात पांढऱ्या कपड्यातली बाई आहे ना, ती झाडांना पाणी घालतेय. भर दुपारी. एवढ्या उन्हात कुणी पाणी घालत नाही. म्हणजे घरात सासू असणार आणि ही कामाचं निमित्त काढून बाहेर आली असणार."

"त्या म्हणतात," शरीफने भाषांतर केलं, "चित्रकाराने प्रकाशाचा क्षण फार सुंदर पकडलाय."

अर्बाबांचं अर्धं आयुष्य मुंबईच्या व्यापाऱ्यांशी बोलण्यात गेलं होतं. हिंदी त्यांना चांगली समजे. ते मोठ्याने हसले. मग चित्राजवळ जाऊन बराच वेळ कोपऱ्यातला तो पांढरा ठिपका बघत राहिले. फ्रेंच बाई हलकेच म्हणाल्या की ते पांढऱ्या गुलाबाचं झुडूप असावं, सकाळच्या चित्रातही ते आहे. अर्बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"इतकी वर्षं माझ्या घरात एक बाई उभी आहे आणि मला पत्ता नाही," ते म्हणाले. "खलास. चित्र विकायचं नाही."

पुढच्या महिन्यात चित्राखाली पितळेची पाटी लागली: 'बागेतली बाई'. सफियाला खोलीची राखणदार नेमलं. अर्बाब आता येणाऱ्या-जाणाऱ्याला चित्र दाखवू लागले, आणि शरीफ सासूची गोष्ट थोडं तिखटमीठ लावून सांगे. पाहुणे वाढले तसा गारवाही वाढवला. बाहेर माणसं उन्हाने हैराण, आणि सफिया आत स्वेटर घालून, वर शाल लपेटून बसलेली. तिचे गुडघे धरू लागले. दुपारी जेवायला गच्चीवर गेली की ती मुद्दाम उन्हात उभी राही.

रोज बघून बघून एक दिवस तिला स्पष्ट दिसलं की ते झुडूपच आहे. हात म्हणून ती जे समजत होती ती फांदी होती. तिने शरीफला सांगितलं.

"कुणाजवळ बोलू नको," शरीफ म्हणाला. "पाटी लागलीय."

दोन हजार चार साली फ्रान्सच्या संग्रहालयाने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी मांडायची ठरवली. अर्बाबांनी चित्र पाठवलं, पण नाव बदलायचं नाही या अटीवर. प्रदर्शनाचं जाडजूड पुस्तक मस्कतला आलं. त्यात एका विद्वानाचा लांबलचक लेख होता: सकाळी जिथे झुडूप आहे तिथेच दुपारी बाई उभी राहते, यात चित्रकाराचं एकटेपण कसं व्यक्त झालं आहे. शरीफने तो लेख दोनदा वाचून दाखवला. सफिया मान खाली घालून ऐकत होती.

चित्र परत आल्यावर अर्बाब खोलीत आले. आता त्यांचं वय झालं होतं. ते तिच्या शेजारी बाकावर बसले आणि लेखाचं कौतुक करू लागले. सफियाला राहवलं नाही.

"अर्बाब, ते झुडूप आहे. त्या दिवशी माझी चूक झाली."

 "येता-जाता मी तिला सलाम करत होतो," अर्बाब म्हणाले. रागावले मात्र नाहीत. घरी जाताना त्यांनी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली.

वर्षभरात त्यांनी चित्र फ्रान्सला विकून टाकलं. तिथल्या लोकांनी पाटी मात्र तीच ठेवली. पुस्तक छापून झालं होतं. आपल्या त्या फ्रेंच बाई आता तिथे वरच्या पदावर होत्या, आणि त्या स्वतःच पाहुण्यांना चित्रातली बाई दाखवत असत.

सफियाची नोकरी गेली. खोलीतले एसी काढले, तिथे खुर्च्या आणि मोकळी खोकी येऊन पडली. तिचे गुडघे त्या हिवाळ्यापर्यंत बरे झाले. कधी कधी कुणी पर्यटक ते जाडजूड पुस्तक हातात घेऊन येई आणि बागेतली बाई कुठे आहे म्हणून विचारी. शरीफ सांगे की ती सध्या माहेरी गेलीय, आणि त्याला खंजिरांच्या दालनात घेऊन जाई.