एका फळीची रेहल

बुखाऱ्यात रेहल करणारे पुष्कळ, पण तुर्सून उस्तादासारखी बिजागरी कुणाची नव्हती. रेहल म्हणजे कुराण ठेवून वाचायची घडवंची. अक्रोडाची एकच फळी चिरायची आणि तिच्याच पोटात बिजागरी कोरायची. खिळा नाही, सरस नाही, जोड नाही. करवत केसभर चुकली की फळी गेली. हे काम म्हातारा दार लावून करायचा. मग ती फळी जावयापुढे टाकायची आणि वेलबुट्टी, हस्तिदंताची जडण त्याने करायची.

जावई सियावुश हेरातचा. त्याची आई तिकडे एकटी. येणाऱ्या प्रत्येक काफिल्याबरोबर ती निरोप धाडायची, लेकाला-सुनेला पाठवा म्हणून. तुर्सूनचं उत्तर ठरलेलं: बिजागरी आल्याशिवाय कसला कारागीर, शिकू दे आधी. आणि शिकवायचा मात्र नाही! बायको गेलेली, लेक दिलशाद एकुलती एक. जावई शिकला की पोरीला घेऊन जाणार आणि आपण भिंतींशी बोलत बसणार, ही धास्ती त्याने कधी कुणाला बोलून दाखवली नाही. उलट चारचौघांत जावयाला 'पानंफुलं काढणारा' म्हणून टोमणे मारायचा.

त्या वर्षी त्याच्या हाताला कंप सुटला. जामा मशिदीच्या रेहलीसाठी राखलेल्या दोन फळ्या एकामागून एक चिरफाळल्या. मुरलेला अक्रोड आता एका फळीपुरताच उरला होता. मशिदीला दिलेला शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. शेवटी नाक मुठीत धरून त्याने दार उघडलं आणि जावयाला आत बोलावलं.

तो सांगू लागला, सियावुश मान खाली घालून ऐकू लागला. पण म्हाताऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आतच त्याने फळी उलटी करून बिजागरी चिरायची मागची रेघ ओढलीसुद्धा. नेमकी जागच्या जागी.

"कुणी शिकवलं?" तुर्सूनने विचारलं.

सियावुशने दाराकडे पाहिलं. दारात उभी असलेली दिलशादच म्हणाली, "मी. लग्न झालं त्याच वर्षी. तुम्ही दार लावायचात ते जगाला, बाबा. मी तुमच्या पायाशीच खेळत असायचे की."

म्हाताऱ्याचं पित्त खवळलं. घरभेदी कार्टी, हे शब्द ओठांवर आलेही होते. पण मग हेरातचे ते निरोप त्याला एकेक आठवू लागले, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग गेला का नाहीत?"

"तुम्ही बुखारा सोडणार नाही. आणि तुम्हाला एकटं टाकायचं कसं?" दिलशाद म्हणाली. "ह्यांनी आईलाही तसंच कळवलंय."

सियावुशने करवत उचलली. दुपार होईतो फळी उघडली, दोन्ही पाकळ्या एकमेकींत अडकून उभ्या राहिल्या. तुर्सूनने रेहल हातात घेतली, मिटली, उघडली, पुन्हा मिटली. खोट काढायला कुठे जागाच नव्हती. मग त्याने ती खाली ठेवली आणि जावयाकडे न बघताच विचारलं,

"हेरातला अक्रोड कसला मिळतो रे?"